विकास सोसायटी सुधारायची असेल तर सुरुवात निवडणुकीपासून नको, दप्तरापासून करा

विकास सोसायटीची निवडणूक लागली की कित्येक गावांत ग्रामपंचायतीपेक्षा जास्त चुरस दिसते. जेवणावळी उठतात, सख्खे भाऊ दोन पॅनेलांत विभागले जातात. गावाबाहेरच्या माणसाला कळत नाही, की पीककर्ज वाटणाऱ्या एवढ्याशा संस्थेसाठी इतका आटापिटा कशाला? त्याचं उत्तर सोसायटीच्या कारभारात नाही, तिच्या मतांत आहे. सोसायटीचे संचालक हे कृषी उत्पन्न बाजार समितीचे मतदार असतात, आणि बाजार समितीच्या 18 जागांपैकी 11 जागा सोसायटी मतदारसंघाच्या असतात. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या निवडणुकीतही सोसायटीचा ठराव घेऊन गेलेला प्रतिनिधी मत देतो. म्हणजे गावातली सोसायटी ज्याच्या हाती, त्याचा तालुक्याच्या राजकारणात पाय रोवला जातो.

यामुळे होतं असं, की सोसायटी ‘जिंकली’ जाते, पण चालवली जात नाही. पॅनेल बदलतं, चेअरमन बदलतो, गुलाल उधळला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून तेच दप्तर, तेच कपाट, तीच ‘मंजूर, मंजूर’वाली वार्षिक सभा सुरू राहते. माझं ठाम मत आहे, की लोकशाही पद्धतीने चालणाऱ्या आर्थिक संस्थेत सुधारणा करायची असेल तर सत्ता मिळवण्याच्या आधी माहिती मिळवावी लागते. सभासदाला ताळेबंद वाचता आला, त्याने सभेत लेखी प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात आलं, तर सत्तेत कुणीही असो, कारभाराला वळण लागतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरण विकास सोसायटीचं आहे, पण यातला बराचसा भाग पतसंस्था, दूध संस्था आणि गृहनिर्माण संस्थेलाही लागू पडतो, कारण कायदा एकच आहे: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960.

आधी आपलं सभासदत्व तपासा

हे क्षुल्लक वाटेल, पण बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. वडील वारले, जमीन तीन भावांच्या नावावर आली, सोसायटीच्या सभासद नोंदवहीत मात्र अजून वडिलांचंच नाव आहे. असे मयत सभासद जुन्या सोसायट्यांत सर्रास सापडतात. वारसाने शेअर्स आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज केला नसेल तर त्याला मत नाही, आणि सभेत बोलायला उठला की ‘तुम्ही सभासद आहात का?’ या एका प्रश्नावर त्याला खाली बसवतात.

म्हणून पहिला अर्ज हाच करा: माझं नाव सभासद नोंदवहीत कोणत्या क्रमांकाला आहे, माझे शेअर्स किती, आणि मी क्रियाशील सभासद आहे की अक्रियाशील. सहकार कायद्यात 2013 च्या दुरुस्तीने क्रियाशील सभासदाची कल्पना आणली. सभेला हजेरी आणि संस्थेच्या सेवांचा किमान वापर या तिच्या कसोट्या होत्या. तेव्हा वार्षिक सभेला गेल्यावर हजेरीपत्रकावर सही केल्याशिवाय परत येऊ नका. कलम 27 प्रमाणे एका सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर्स 500 रुपयांचे असोत की 50 हजारांचे. सहकाराचं सगळं बळ या एका तरतुदीत आहे.

घरातल्या बाईच्या नावावर जमीन असेल तर तिला सभासद करून घ्या. संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्या कुणाच्या तरी सौभाग्यवतींच्या नावावर भरून कारभार नवऱ्याने पाहायचा, हा प्रकार थांबवायचा तर स्वतःचं खातं आणि स्वतःचं कर्ज असलेल्या शेतकरी बायका सभेत दिसल्या पाहिजेत.

दप्तर पाहायला मागा

कलम 32 प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात कामकाजाच्या वेळेत काही कागद विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे: कायदा, नियम आणि उपविधी (संस्थेची स्वतःची नियमावली), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालकांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचं आणि संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्त, आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी. फी भरून त्याच्या नकलाही मागता येतात.

दुसऱ्याच्या खात्याचा तपशील मात्र या हक्कात येत नाही, आणि तो मागूही नका. गावात कुणाचं किती कर्ज थकलंय याची यादी फिरवली की सुधारणेचं काम भावकीच्या भांडणात बदलतं. ज्यांना दप्तर उघडायचं नाही, त्यांना तर हेच हवं असतं.

तोंडी काही मागू नका. साध्या कागदावर दोन प्रती करा, कोणता कागद कोणत्या तारखेला पाहायला येणार ते लिहा, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. सचिव सही देत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ‘मी दहा वेळा विचारलं’ या वाक्याला किंमत नसते, पोच असलेल्या एका अर्जाला असते.

सोसायटीने दाद दिली नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे (सहकार खात्याचे अधिकारी) कलम 32चा उल्लेख करून तक्रार द्या. जोडीला माहिती अधिकाराचा मार्ग आहे, पण इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. 2013 साली थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून ती माहिती अधिकार कायद्यातलं ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही. म्हणून सोसायटीच्या नावाने केलेला अर्ज बहुधा परत येतो. पण निबंधकाचं कार्यालय सार्वजनिक प्राधिकरण आहेच, आणि सोसायटीचा लेखापरीक्षण अहवाल, विवरणपत्रं, दोषदुरुस्ती अहवाल तिथे दाखल व्हावे लागतात. तेव्हा अर्ज सहायक निबंधक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा पाळा. उत्तराची मुदत 30 दिवस, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. आणि ‘गैरव्यवहाराची माहिती द्यावी’ असं कधी लिहू नका. ‘अमुक सोसायटीचा 2023-24 चा वैधानिक लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरील दोषदुरुस्ती अहवाल यांच्या छायाप्रती मिळाव्यात’ असं नेमकं मागा.

ताळेबंदात कुठे बघायचं

ताळेबंद पाहून घाबरायला होतं, पण विकास सोसायटीचा ताळेबंद मुळात सोपा आहे. ती जिल्हा बँकेकडून कर्ज घेते आणि सभासदांना देते. एका बाजूला बँकेला देणं, दुसऱ्या बाजूला सभासदांकडून येणं. सगळी गोम या दोन आकड्यांत असते.

सहकार खात्यात याला एक शब्द आहे, तो पाठ करून ठेवा: अनिष्ट तफावत. समजा, 31 मार्चला बँकेचं सोसायटीकडे येणं 2 कोटी 10 लाख आहे, आणि सोसायटीचं सभासदांकडे येणं 1 कोटी 80 लाख. मग उद्या गावातल्या प्रत्येकाने पै न पै फेडली तरी बँकेचे 30 लाख उरतात. हे 30 लाख कुठे गेले, हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.

प्रत्येक वेळी त्याचं उत्तर अपहारच असेल असं मात्र नाही. थकलेल्या कर्जावर सोसायटीला बँकेचं व्याज चढतच राहतं, पण सभासदाकडून ते वसूल होत नाही. वसुली आली की बँक ती आधी व्याजात जमा करते, सोसायटी मात्र आपल्या वहीत मुद्दलात दाखवते, आणि दोन वह्यांतलं अंतर दरवर्षी वाढत जातं. सचिवाचा पगार, कार्यालयाचं भाडं, निवडणुकीचा खर्च हे उत्पन्नात भागत नसेल तर तेही वसुलीच्या पैशांतून जातं. आणि कधी कधी पावती फाडली जाते, पैसे घेतले जातात, पण रोजकिर्दीला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, नोंदच होत नाही. ही शेवटची शक्यता गंभीर आहे, पण बाकीच्या तपासल्याशिवाय तिच्यावर बोट ठेवू नका. मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून तफावत कोणत्या वर्षापासून फुगायला लागली ते शोधा. दरवर्षी थोडी थोडी वाढत असेल तर बहुधा व्याज आणि खर्चाचं दुखणं. एखाद्याच वर्षी एकदम उडी असेल तर त्या वर्षाची रोजकीर्द, बँकेचा खातेउतारा आणि वसुलीच्या पावत्या जुळवायला हव्यात.

यानंतर ‘अनामत येणे’ (कुणाला तरी उचल दिलेली, परत यायची रक्कम), ‘सस्पेन्स’ (कोणत्या खात्यात टाकायची ते न ठरलेली रक्कम), ‘हातावर शिल्लक’ असल्या शीर्षकांकडे वळा. सचिवाच्या किंवा संचालकाच्या नावावर अनामत वर्षानुवर्षं तशीच पुढे ओढली जात असेल तर ती पैसे वापरल्याची खूण असू शकते. 31 मार्चला हातावर मोठी रोकड दिसत असेल तर ती कोणाच्या ताब्यात होती आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरली का, ते विचारा.

लेखापरीक्षकाने दिलेला वर्गही बघा: अ, ब, क किंवा ड. पण वर्गावर भिस्त ठेवू नका. खरी माहिती अहवालाच्या दोषांच्या भागात असते, जो सभेत सहसा कुणी वाचत नाही. कलम 82 प्रमाणे संस्थेने लेखापरीक्षणातले दोष दुरुस्त करून तीन महिन्यांत निबंधकाला कळवायचं असतं. तेच दोष त्याच शब्दांत सलग तीन वर्षांच्या अहवालांत आढळले तर समजा, की दुरुस्ती कागदावरसुद्धा झालेली नाही.

मार्चचं नवं-जुनं

ताळेबंदात न दिसणारी एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक असते. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडतं. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हातात रोख लाख रुपये कुणाकडे असतात? मग शेतकरी पाहुण्याकडून किंवा सावकाराकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलतो, जुनं कर्ज भरतो, नवं कर्ज मंजूर होऊन खात्यावर आलं की ते काढून सावकाराला देतो. यालाच नवं-जुनं म्हणतात. आठ दिवसांचं व्याज त्याच्या खिशातून जातं. काही ठिकाणी पैसेही फिरत नाहीत, फक्त नोंदी फिरतात. कागदावर वसुली उत्तम, चेअरमनचा सत्कार, पण शेतकऱ्याकडे बियाण्याला पैसा नाही.

यात शेतकऱ्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. तो सवलत वाचवण्यासाठी धडपडत असतो. पण सोसायटीची खरी तब्येत कळायची असेल तर नवं-जुनं किती आहे ते समजलं पाहिजे. ओळखणं सोपं आहे: परतफेड आणि नवं कर्ज यांच्या तारखांत चार-आठ दिवसांचं अंतर, आणि रक्कम जवळजवळ तीच. नावं वगळून अशी खाती एकूण किती आणि एकूण रक्कम किती, एवढंच सभेत विचारा.

याच्याच जोडीला एक खबरदारी. कोऱ्या अर्जावर, कोऱ्या कर्जरोख्यावर किंवा पैसे काढण्याच्या कोऱ्या पावतीवर सही देऊन ठेवू नका. ‘साहेब आले की घाई होते’ हे कारण ऐकू नका. बनावट कर्जांना हीच वाट सापडते.

आपली खाती आपण जुळवा

सुधारणेच्या कामाला लोक जोडायचे तर भाषणाने जोडले जात नाहीत, स्वतःच्या खात्याने जोडले जातात. गल्लीतल्या काही सभासदांना संध्याकाळी एकत्र बसवा. प्रत्येकाने आपल्या भरणा पावत्या, बँकेचं पासबुक आणि चालू सातबारा आणायचा. सोसायटीकडून प्रत्येकाने आपापला कर्ज खातेउतारा आधीच लेखी मागून घेतलेला असावा.

मग एकेक पावती उताऱ्याशी ताडून पाहायची. पावतीवर 20 हजार, उताऱ्यावर त्या तारखेला काहीच नाही, असं निघालं तर पावतीची छायाप्रत काढा आणि मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा पाहा. कर्ज फिटून वर्षं झाली तरी बोजा तसाच असतो, आणि मुलाला दुसऱ्या बँकेचं कर्ज हवं असतं तेव्हा ते लक्षात येतं. सोसायटीचा बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्या. हे छोटं काम एकाचं झालं की दुसऱ्या आठवड्यात बसायला माणसं आपोआप वाढतात.

एक विनंती: सचिवाला खलनायक ठरवू नका. बऱ्याच ठिकाणी एका गटसचिवाकडे अनेक सोसायट्या असतात, पगार वेळेवर मिळत नाही, आणि चेअरमन, बँकेचा निरीक्षक, निबंधक कार्यालय अशा सगळ्यांचा दट्ट्या त्याच्यावरच असतो. त्याला दप्तराची जितकी माहिती असते तितकी कुणालाच नसते. ज्याची बाजू स्वच्छ आहे, असा सचिव सभासदांचं पाठबळ दिसलं की बोलायला लागतो.

वार्षिक सभा: सगळी तयारी इथे कामाला येते

कलम 72 सांगतं, की संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, चेअरमनचा किंवा संचालक मंडळाचा नाही. कलम 75 प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा घ्यावीच लागते. ऑगस्टपासून लक्ष ठेवा. नोटीस कुठे लावली जाते, कुणाला पाठवली जाते, उपविधीप्रमाणे किती दिवस आधी निघायला हवी होती, हे टिपून ठेवा.

नोटिशीच्या तळाशी एक वाक्य असतं: गणसंख्येअभावी (किमान हजेरी नसल्यास) सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल आणि त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही. याच वाक्याच्या आधारावर कित्येक ठिकाणी पंधरा-वीस माणसांत वर्षाचा हिशेब मंजूर होतो. त्याला उपाय एकच, वेळेआधी माणसं हजर ठेवणं. सभा 11 वाजता असेल तर पावणेअकराला तिथे असा आणि हजेरीपत्रकावर सही करा.

प्रश्न नोटीस आल्यावर लगेच लेखी द्या, पोच घ्या. तीन-चारच द्या. वीस प्रश्न दिले की एकाचंही उत्तर मिळत नाही. मला विचाराल तर पहिल्या वर्षी एवढे पुरेत: अनिष्ट तफावत किती आणि ती कोणत्या वर्षापासून आहे, लेखापरीक्षणातल्या दोषांची दुरुस्ती कधी केली आणि त्याचा अहवाल निबंधकाला कोणत्या तारखेला पाठवला, अनामत येण्याची यादी, आणि लेखापरीक्षकाची नेमणूक. शासनाच्या नामिकेतून (मान्यताप्राप्त यादीतून) लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार सभेचा आहे, तरी तो विषय ‘संचालक मंडळास अधिकार देण्यात येत आहेत’ या एका ओळीत उरकला जातो. ती ओळ अडवा आणि सभेतच नाव ठरवा.

प्रश्नासोबत ठरावाचा मसुदाही द्या. नुसता प्रश्न विचारला तर चर्चा होते, ठराव झाला तर अंमलबजावणी मागता येते. मसुदा असा असू शकतो:

‘दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मागील महिनाअखेरचं बँकेचं देणं, सभासदांकडील एकूण येणं, हातावरील रोख शिल्लक आणि महिन्याचा एकूण खर्च हे चार आकडे सचिवाच्या व चेअरमनच्या सहीने संस्थेच्या फलकावर लावण्यात यावेत, असे ही सभा ठरवत आहे. सूचक ..., अनुमोदक ...’

चारच आकडे, पण ते दर महिन्याला सहीनिशी लावायचे म्हटले की बँकेचं खातं दर महिन्याला जुळवावं लागतं. कोणताही नवा कायदा न आणता, कुणालाही न हटवता झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा असेल, असं मी मानतो.

सभेत आवाज चढेल. ‘राजकारण आणू नका’ म्हणतील. तुमच्यातला एकच माणूस बोलायला ठरवा, शक्यतो ज्याला निवडणूक लढवायची नाही असा. तो आकडे वाचेल, आरोप करणार नाही. बाकीच्यांनी एकच मागणी लावून धरायची: विषय मताला टाका. बहुमत नाही मिळालं तर विरोध इतिवृत्तात नावांसह नोंदवायला सांगा. सभेनंतर काही दिवसांनी इतिवृत्ताची नक्कल मागा आणि आपल्या टिपणाशी ताडून पाहा. न झालेली चर्चा लिहिलेली किंवा झालेला विरोध गाळलेला आढळला तर लगेच सहायक निबंधकांना लेखी कळवा.

वरच्या दारात कधी जायचं

सभेत दाद मिळाली नाही तर कायद्याने पायऱ्या दिल्या आहेत. एकपंचमांश सभासदांनी सह्यांनिशी मागणी केली तर कलम 76 खाली विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. निबंधक कलम 89अ खाली संस्थेची तपासणी करू शकतो. कलम 83 खाली रीतसर चौकशी होते, आणि एकपंचमांश सभासदांच्या अर्जावरही ती मागता येते. चौकशीत नुकसान सिद्ध झालं तर कलम 88 खाली जबाबदारी निश्चित होऊन संबंधितांकडून वसुली होते.

सह्या गोळा करताना प्रत्येक सहीपुढे सभासद क्रमांक लिहा. नाहीतर अर्धा अर्ज पडताळणीतच बाद होतो. मागणी एका विषयाची ठेवा आणि तिला पुरावा जोडा.

प्रशासक, म्हणजे संचालक मंडळाच्या जागी सरकारी अधिकारी, नेमण्याची मागणी मात्र शेवटची असू द्या. मे 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीनंतर महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं आणि तिथे दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार राहिला. बँक आर्थिकदृष्ट्या सावरली, हे मान्य करायला हवं. पण राज्याच्या शिखर बँकेकडे रिझर्व्ह बँकेचं लक्ष असतं, गावच्या सोसायटीकडे कुणाचं असणार? तालुक्यातल्या एका अधिकाऱ्याकडे आधीच डझनभर कामं असतात. त्याच्या हाती सोसायटी गेली की सभासद आणखी दूर जातात, आणि मुदत संपल्यावर जुनेच लोक नव्या पॅनेलच्या नावाने परत येतात.

निवडणूक आलीच तर

संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असते आणि निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होते. लढाई मतदानाच्या दिवशी नसते, प्रारूप मतदार यादीच्या दिवशी असते. यादी लागली की हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते. मयतांची नावं, वगळलेले सभासद, अचानक वाढलेली नावं तेव्हाच पकडावी लागतात.

बिनविरोधचा आग्रह धरला जाईल. खर्च वाचतो, गावात कटुता येत नाही, हे खरं आहे. माझी अट एवढीच, की बिनविरोध करण्याआधी सगळ्या इच्छुकांनी सभासदांसमोर बसून तफावत कशी कमी करणार हे सांगावं, आणि फलकाचा ठराव पाळण्याचं लेखी द्यावं. प्रश्न न विचारता झालेली बिनविरोध निवड म्हणजे पाच वर्षांचा कोरा चेक.

हिशेब कळणारा निदान एक माणूस मंडळात हवा, मग तो मोठ्या घराण्यातला नसला तरी चालेल. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला तेव्हा अध्यक्षपदी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. गावात निवृत्त शिक्षक, बँकेतला माणूस, वाणिज्य शाखेची पदवीधर सून अशी कुणीतरी असतेच. नियमात बसत असेल तर तिला उभं करा.

नवं मंडळ आल्यावरचे पहिले महिने

पदभार घेताना रोकड मोजून, बँकेचा त्या दिवसाचा उतारा घेऊन आणि दप्तराची यादी करून घ्या. यादीवर जुन्या आणि नव्या दोघांच्या सह्या हव्यात. हे राहिलं तर जुनी तफावत तुमच्या नावावर लागते.

त्यानंतर बँकेशी शिल्लक जुळवा. जून 2022 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, आणि विकास सोसायट्या त्यात आहेत. संगणक आला की सगळं पारदर्शक होईल, असं मानून चालू नका. संगणकात जी आरंभीची शिल्लक भराल तीच पुढे खरी धरली जाते. वहीतला घोळ जसाच्या तसा भरला तर त्यावर छापील पावतीचं शिक्कामोर्तब होतं. म्हणून आरंभीची शिल्लक पक्की करण्याआधी प्रत्येक कर्जदाराला त्याचा आकडा लेखी कळवा, पटला तर सही घ्या, नाही पटला तर हरकत घ्यायला ठरावीक दिवस द्या. जिथे हे आधीच भरून झालं आहे, तिथे उशिरा का होईना शिल्लक पडताळणीची मोहीम घ्या.

उत्पन्नाचंही बघावं लागतं. बँकेकडून घेतलेल्या आणि सभासदाला दिलेल्या कर्जाच्या व्याजात सोसायटीला उरतो तो थोडकाच वाटा. समजा तो दोन टक्के धरला, तर दीड कोटीच्या कर्जवाटपावर वर्षाला 3 लाख, तेही पूर्ण वसुली झाली तर. त्यात पगार, लेखापरीक्षण फी, वीजबिल भागवून तफावत कमी होणं अवघड. म्हणून खत-बियाण्याचं दुकान, गोदाम, नागरी सेवा केंद्र असे जोडधंदे लागतात. 2023च्या आदर्श उपविधींत 25 पेक्षा जास्त व्यवसायांना मोकळीक दिली आहे. पण पहिला धंदा उधारीवर सुरू करू नका. खताचं दुकान रोखीने, लहान साठ्याने, गावाच्या खरीपाच्या मागणीपुरतं चालवून बघा, आणि त्याचा हिशेब पीककर्जापासून वेगळा ठेवा.

ठेवी घ्यायचा मोह होईल, तेव्हा हे सभासदांना स्पष्ट सांगा: ठेव विम्याचं 5 लाखांचं संरक्षण बँकांना आहे, त्यात जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँका येतात. विकास सोसायटी आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तफावत शिल्लक असताना गावातल्या विधवेची, निवृत्त माणसाची ठेव घेऊन बँकेचा हप्ता भरणं हा सर्वांत वाईट मार्ग. तफावत शून्यावर येईपर्यंत नवीन ठेवी घेणार नाही, असा ठराव पहिल्याच वार्षिक सभेत करून घ्या आणि त्याची नक्कल फलकावर त्या चार आकड्यांच्या शेजारी लावा.